यंत्राचे हृदय आणि रक्ताची गुठळी

१२ डिसेंबर १९८४ रोजी अमेरिकेतील लुइव्हिल शहरातल्या एका रुग्णालयात टेलिफोन आला. बोलत होते राष्ट्राध्यक्ष रेगन आणि ऐकत होते विल्यम श्रोडर, वय वर्षे ५२. श्रोडर यांच्या छातीत हृदयाच्या जागी ‘जार्विक-७’ हे यंत्र बसवून सतरा दिवस झाले होते. खुद्द राष्ट्राध्यक्ष बोलताहेत म्हटल्यावर या गृहस्थांनी काय सांगावे? आपल्या सरकारी भत्त्याचा चेक रखडलाय म्हणून तक्रार! म्हणजे माणूस चांगला हुशारीत होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांना पक्षाघाताचा झटका आला.

यंत्र बंद पडले होते काय? मुळीच नाही. रक्ताने आपले नेहमीचे काम केले, इतकेच. विळ्याने बोट कापले, की जरा वेळाने रक्त थिजते, हे आपण पाहतोच. आपल्या शिरांना आतून नाजूक अस्तर असते, त्यावरून रक्त सुखाने वाहते. परका पदार्थ लागला, की त्याला ती जखमच वाटते. यंत्रात झडपेपाशी, सांध्यापाशी ते घुटमळले, की गुठळी धरते. ती सुटून मेंदूच्या शिरेत अडकली, की हातपाय लुळे पडतात, वाचा जाते.

मग रक्त गोठूच देऊ नये! पण याच श्रोडरना शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रक्तस्राव होऊन छाती पुन्हा उघडावी लागली होती. इकडे आड, तिकडे विहीर. ते ६२० दिवस जगले खरे. पण झटके पुढेही आले.

रक्त गोठू न देणाऱ्या गोळीची कथा मात्र गोठ्यातली आहे. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे आला. बरोबर एक मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त. जनावरांनी खाल्ले होते भिजून बुरसलेले ‘स्वीट क्लोव्हर’चे गवत. त्यातले द्रव्य हाती यायला सहा वर्षे लागली. त्याच जातीचे वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले.

२०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘हार्टमेट ३’ पंपाचे चाक चुंबकाच्या बळावर अधांतरी फिरते. हा पंप मूळ हृदय न काढता त्याला जोडतात. त्यात गुठळी धरण्याचे प्रमाण फारच घटले. २०२३ मध्ये असेही दिसले, की या रोग्यांची अ‍ॅस्पिरिन बंद केली तर रक्तस्राव कमी होतो आणि गुठळ्याही वाढत नाहीत. वॉर्फरिन मात्र त्यांना चालूच ठेवले होते.