नंबराच्या पोटांतला पत्ता

मुंबईस १८८२ सालीं टेलिफोनचें एक्स्चेंज उघडलें, तेव्हां दोघांचें बोलणें जुळावयास मध्यें तिसरा मनुष्य लागत असे. कोण बोलावतो आणि कोणास बोलावतो, हे दोन्ही पत्ते ऑपरेटरच्या ध्यानांत राहत. दोरीचें टोंक फलकावरील कोणत्या भोंकांत खोंचावें, हा निर्णय त्याच्या हातीं असे. सोय मोठी, पण सत्ताहि तितकीच मोठी. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रॉजर नांवाचा प्रेतसंस्काराचा धंदा करणारा एक गृहस्थ होता. ऑपरेटर बाई आपलें गिऱ्हाईक प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा त्याला संशय आला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, १८९१ सालीं त्यानें पेटंट मिळविलेलें यंत्र खरें होतें.

त्या पद्धतीच्या एक्स्चेंजांत तबकडीवर आंकडा फिरविला कीं विजेचे तितके ठोके जात. यंत्राचा हात तितक्या पायऱ्या वर चढे, आणि पुढच्या आंकड्यास आडवा वळे. नंबर हें आतां नुसतें नांव उरलें नाहीं. ती आज्ञाच झाली. हिंदुस्थानांत असें स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्यास १९१३-१४ सालीं बसलें.

परगांवचें बोलणें मात्र पुढेंहि पुष्कळ वर्षें ट्रंक ऑपरेटरच्या हातीं राहिलें. कॉल नोंदवावयाचा आणि घंटेची वाट पाहत बसावयाचें! जादा पैसे देणाराचा 'अर्जंट' कॉल आधीं लागे. १९६० सालीं कानपूर-लखनौ दरम्यान ग्राहकास थेट नंबर फिरवितां येऊं लागला. पुढें देशभर आरंभींच्या शून्याला एक अर्थ आला: हा कॉल गांवाबाहेर जावयाचा आहे.

हा नियम कारखान्यांच्या गांवीं कसा पडला, हें पाहण्यासारखें आहे. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघाल्यावर चिंचवड-भोसरीकडे कारखाने पसरले. टेलिफोनच्या हिशेबीं हा सारा मुलूख पुण्यांत, म्हणजे आज ०२० या अंकांत येतो. त्याच नाशिक रस्त्यानें पुढें गेलें कीं चाकण लागतें. तेथें २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. पण चाकण खेड तालुक्यांतलें, म्हणून त्याचा अंक ०२१३५. आकारणीचीं क्षेत्रें बहुतेक तालुक्यांच्या हद्दींवर बेतलेलीं आहेत. भोसरीचा सुटे भाग करणारा आणि चाकणचा मोटारी जुळविणारा यांचा धंदा एक, रस्ता एक. पण यंत्राला धंदा कळत नाहीं, तालुका कळतो! ०२० पुढें आठ आंकडे आणि ०२१३५ पुढें सहा. शून्य वगळतां बेरीज मात्र दोन्हींकडे दहाच.

आतांपर्यंतचे हे नियम कोणास बोलवावयाचें एवढेंच पाहत. कोण बोलावतो, हें पाहण्याचें काम कारखान्यांच्या खासगी एक्स्चेंजांनीं केलें. व्यवस्थापकाच्या टेबलावरून शून्य फिरे. यंत्रशाळेंतल्या फोनवर तें बंद. रात्रपाळीच्या कामगारास घरीं निरोप द्यावयाचा, तर पहारेकऱ्याच्या खोलींत जाऊन विनवणी करावी लागे. पक्षपाती ऑपरेटर गेली, पण तिचा पक्षपात यंत्रांत लिहून ठेवतां येतो, हें येथें उघड झालें.

इंटरनेटवरून आवाज जाऊं लागल्यावर असे नियम तारांच्या जोडणींत न राहतां लेखी झाले. २००४ सालीं 'कॉल प्रोसेसिंग लँग्वेज' या नांवानें त्यांची एक लिपीच प्रसिद्ध झाली. 'बोलावणारा अमुक असेल तर इकडे, बोलावलेला तमुक असेल तर तिकडे', असें तींत ग्राहकालाहि लिहितां येतें. सरकारचाहि येथें संबंध आला. एका गांवच्या कचेरीची खासगी इंटरनेटवाट दुसऱ्या गांवच्या सार्वजनिक टेलिफोनला जोडून ट्रंकचे पैसे वांचवावयास आपल्याकडे दीर्घकाळ बंदी होती. म्हणून बोलणारे दोघे कोठें बसले आहेत, हें तपासणारा नियम कंपन्यांना आपल्या एक्स्चेंजांत घालावा लागे.

मोबाईलनें नंबराच्या पोटांतला पत्ता जवळजवळ पुसून टाकला. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलतां येऊं लागली. तेव्हांपासून नंबर पाहून वाट ठरत नाहीं. तो सध्यां कोणत्या कंपनीकडे आहे, हें आधीं नोंदवहींत शोधावें लागतें. शून्य मात्र टिकून आहे. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या टेलिफोनवरून कोणत्याहि मोबाईलला बोलावतांना तें आधीं लावावें लागतें, मग तो मोबाईल चाकणला असो, वा पिंपरीस त्याच खोलींतल्या माणसाच्या खिशांत असो.