शेतकऱ्याची गाडी आणि तिचा जीर्णोद्धार

जुनी वस्तू दुरुस्तीला काढली, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ती होती तशीच झाली पाहिजे. दुसरा म्हणतो, पैसा घालावयाचाच आहे तर ती आजच्या उपयोगाची करून घ्या. आजोबांचा पलंग असो की पडवी असलेले कौलारू घर असो, हा वाद आपल्या परिचयाचा आहे. या दोन पक्षांच्या मागे तिसरा एक मूक पक्ष बसलेला असतो, तो म्हणजे घरातील पैशाचा डबा. शेवटचा शब्द बहुधा त्याचाच असतो!

हाच वाद अमेरिकेत अर्ध्या शतकाहून अधिक काळ एका साध्यासुध्या गाडीभोवती चालू आहे. पुढे दोघातिघांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा असलेला हा लहान ट्रक, म्हणजेच पिकअप. तिची हकीकत आम्ही येथे सांगू इच्छितो. कारण थोडक्या पैशात जुने कसे जपावे, याचा त्या गाडीने घालून दिलेला धडा केवळ गाडीपुरता नाही.

पिकअपचा जन्मच मुळी मोडतोडीतून झाला. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ साली बाजारात आली ती माणसे नेण्यासाठी. परंतु शेतकऱ्याला बटाट्याची पोती आणि दुधाचे कॅन न्यावयाचे होते. त्याने करवत घेतली, मागची आसने काढली आणि त्या जागी फळ्यांची पेटी ठोकली. कारखान्याने या गरजेची दखल घेतली ती पुष्कळ उशिरा. १९२५ साली फोर्डने मागे पोलादी हौदा बसविलेली 'मॉडेल टी' स्वतःच विक्रीस काढली. किंमत २८१ डॉलर. पहिल्याच वर्षी अशा सुमारे चौतीस हजार गाड्या तयार झाल्या. गोठ्याशेजारी करवतीने झालेला बदल अशा रीतीने कारखान्याच्या यादीत जाऊन बसला. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. 'मूळ रूप' म्हणजे काय, हा प्रश्न पुढे येईल तेव्हा ती उपयोगी पडेल.

दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन थांबले आणि कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. शेतावरच्या जुन्या ट्रकांना ती वर्षे डागडुजीवरच काढावी लागली. युद्ध संपले तेव्हा नव्या ट्रकांची भूक मोठी होती. १९४७ च्या उन्हाळ्यात शेवरोलेने आपले नवे ट्रक बाजारात आणले. त्यांतील अर्ध्या टनाच्या पिकअपला ३१०० हा क्रमांक होता. गोलाकार बोनेट, पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, रुंद केबिन आणि लाकडी फळ्यांचा तळ असलेला हौदा. इंजिन सहा सिलिंडरचे, शक्ती नव्वद अश्वशक्ती. ते चालू करण्यासाठी पायाखालचा खटका दाबावा लागे. किरकोळ सुधारणा होत हा नमुना १९५५ च्या प्रारंभापर्यंत निघत राहिला.

शेवरोले हे नाव आपल्याकडील वडीलधाऱ्यांना परके नाही. तिच्या मालक कंपनीचा, म्हणजे जनरल मोटर्सचा, जुळणीचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला होता. आमच्या पिढीने लहानपणी दोरीने बांधलेल्या बोनेटचे जे जुने ट्रक रस्त्यावर पाहिले, त्यांत या घराण्यातलेही होते.

अमेरिकेत या पिकअपला म्हातारपण आले ते झिजेपेक्षा रस्त्यामुळे. तिचे मागचे गिअर ओझे ओढण्यासाठी घडविलेले होते. चाक एकदा फिरे तेव्हा इंजिनाचा दांडा चारांहून अधिक वेळा फिरे. ताशी पंचेचाळीस-पन्नास मैलांच्या पुढे इंजिन किंचाळू लागे. १९५६ च्या कायद्याने देशभर रुंद महामार्ग होऊ लागले आणि या गाड्या मागे पडल्या. धन्याने नवी गाडी घेतली. जुनी गवताच्या कोठारात किंवा झाडाखाली जाऊन उभी राहिली.

तेथून तिला बाहेर काढले ते पुढच्या पिढीने. युद्धाच्या आधीपासूनच दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या मोटारी सोलून, हलक्या करून कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर पळवीत असत. सैन्यातून परतलेल्या तरुणांना यंत्रांची सवय झालेली होती आणि भंगाराच्या आवारांत सुटे भाग स्वस्त होते. १९४८ च्या जानेवारीत या छंदाला वाहिलेले 'हॉट रॉड' हे मासिकही निघाले. हळूहळू जुन्या पिकअपही या हातांत आल्या. कोणी त्या होत्या तशा करू लागले, कोणी त्यांत १९५५ सालचे शेवरोलेचे नवे आठ सिलिंडरचे इंजिन बसवू लागले. दोन पक्ष पडले ते येथे.

आता पैशाच्या डब्याचे म्हणणे ऐकू. अशी गाडी विकत घेताना नवखा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो. जाणता मेस्त्री गुडघे टेकून खालचा पत्रा पाहतो. केबिनचे मागचे कोपरे, पायाखालचा तळ आणि दाराखालच्या पायऱ्या येथे पाणी साचते व गंज धरतो. बंद पडलेले इंजिन खोलता येते, परंतु गंजाने खाल्लेला पत्रा कापून नवा जोडावयाचा म्हणजे सर्वांत अधिक मजुरी. वरून लांबी भरून रंग मारलेली गाडी त्यामुळे स्वस्तात मिळूनही महाग पडते.

दुसरा हिशेब ब्रेकचा. या गाडीच्या चारही चाकांना तेल पुरविणारा ब्रेकचा पंप एकच, आणि मार्गही एकच. कोठेही नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नव्या मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे झाले, ते याच अनुभवातून. म्हणून कट्टर जीर्णोद्धारकही येथे बहुधा आग्रह सोडतो आणि दुहेरी पंप बसवितो. रंग पुढच्या वर्षी देता येतो; ब्रेक पुढच्या वर्षावर टाकता येत नाही.

तिसरा हिशेब इंजिनाचा, आणि तो सर्वांत बोधप्रद आहे. ३१०० च्या इंजिनाचे आकारमान २१६ घनइंच. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून ओतलेला असे. या बेअरिंगना तेल पूर्ण दाबाने मिळत नसे. रॉडच्या तळाशी असलेली पळीसारखी टोके तेल झेलून घेत. बेअरिंग झिजले की धातू पुन्हा ओतून तासावा लागे. ही कला जाणणारे कारागीर आता थोडे आणि त्यांची मजुरी मोठी. परंतु १९५४ पासून शेवरोलेने याच घराण्यातील २३५ घनइंचांचे सुधारित इंजिन ट्रकमध्ये बसविले. त्यात बदलता येणाऱ्या बेअरिंग होत्या आणि तेल दाबाने फिरे. ते १९६० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत निघत राहिल्याने भंगारात सहज मिळे. बाहेरून दोन्ही सख्खे भाऊ. जुन्या गिअरपेटीला ते जोडता येते. नंतरच्या वर्षांचे असले तर पंखा रेडिएटरसमोर नीट यावा म्हणून पाण्याच्या पंपामागे एक जोडपट्टी घालावी लागते, इतकेच. कमी पैशात जास्त आयुष्य! अनेक गरीब मालकांनी हा मार्ग धरला. याला मोडतोड म्हणावे की जीर्णोद्धार? कारखान्यानेच पुढे केलेली सुधारणा मागे नेऊन लावली, तर तिला परकी कशी म्हणावी?

याच्या उलट उदाहरण विजेचे. या गाडीची वीज सहा व्होल्टची. गाडी चालू होण्यास कंटाळा करू लागली की मालक सहा व्होल्टना दोष देतो आणि बल्बपासून गेजांपर्यंत सारे बदलण्याचा खर्च अंगावर घेतो. पुष्कळदा खरा दोष निराळाच असतो. मधल्या काळात कोणीतरी जाड तारांच्या जागी बारीक तारा घातलेल्या असतात, किंवा सांगाड्याला जोडलेले टोक गंजलेले असते. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच कामाला प्रवाह दुप्पट; त्याला तार जाडच हवी. योग्य तार घातली आणि जोड खरवडून स्वच्छ केले, की जुनी व्यवस्था मुकाट्याने काम करते. बदलण्यापूर्वी जुन्याला त्याचे न्याय्य साधन दिले होते काय, हे विचारावे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. शेवरोलेने १९८२ च्या सुमारास एस-१० नावाची लहान पिकअप काढली. तिच्या लांब हौद्याच्या नमुन्याचे पुढच्यामागच्या चाकांतील अंतर जुन्या ३१०० च्या जवळपास येते. म्हणून काही मंडळी जुनी केबिन व हौदा उचलून एस-१० च्या सांगाड्यावर ठेवतात. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन सारे तयार मिळते. भंगारातली गाडी घेतली तर खर्चही आटोक्यात राहतो. कमी पैशाचा माणूस असे करतो, त्याला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु आमच्या मते तेथे एक रेषा ओलांडली जाते. जुन्या गाडीने कष्ट केले ते तिच्या सांगाड्याने, पाट्यांनी आणि आसांनी. ते टाकून केवळ पत्रा ठेवला, तर उरतो तो मुखवटा. जो बदल उद्या परत फिरविता येतो, ज्याचा काढलेला भाग चिठ्ठी बांधून फळीवर ठेवता येतो, तो करण्यास हरकत नसावी. पुढच्या धन्याला निवड करण्यास जागा राहते. जो बदल परत फिरणार नाही, त्यापूर्वी मात्र एक रात्र थांबावे.

मूळ रूपाचा अभिमान धरणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. या गाड्यांच्या हौद्यात कारखान्यातून साध्या पाइनच्या फळ्या येत. आज मोठ्या खर्चाने तेथे ओकच्या फळ्या बसवितात, त्यांवर आरसा पाहावा असे पॉलिश चढवितात, आणि मग ओरखडा पडेल म्हणून त्यांवर काही ठेवीत नाहीत. ज्या शेतकऱ्याने पोती वाहण्यासाठी पहिल्याने गाडीला करवत लावली, त्याला हे दाखविले तर तो काय म्हणेल? आम्हांला वाटते, तो फार बोलणार नाही. खांद्यावरचे पोते त्या चकचकीत फळ्यांवर टाकील, आणि गाडी चालू होते की नाही ते पाहील.