जुन्या गेमिंग संगणकाचे पुनरुज्जीवन

पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या खाडीलगतच्या गावात १०-१२ वर्षांपूर्वीचा गेमिंग संगणक बंद पडल्यास पहिला संशय दमट, खारट हवेवर घ्यावा. वीजजोडणी काढून रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसल्या, की मृतवत यंत्र पुष्कळदा पुन्हा सुरू होते. प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्टही बदलावी. हा खर्च किरकोळ आहे.

हार्ड डिस्कऐवजी सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसविल्यास खेळ लवकर उघडतो, मात्र पडद्यावरील चित्रांची गती वाढत नाही. ती प्रामुख्याने ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेले कार्ड मिळते; ते दुकानातच चालवून पाहावे. प्रोसेसर फारच जुना असेल, तर महागड्या कार्डाची शक्ती वाया जाते. खरी काटकसर पॉवर सप्लायमध्ये करू नये. हलक्या प्रतीचा सप्लाय जळताना मदरबोर्ड आणि नवे कार्डही सोबत नेऊ शकतो.

‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि ‘विंडोज ११’च्या अटींत असे संगणक सहसा बसत नाहीत. त्यांच्यासाठी विनामूल्य लिनक्स उपलब्ध आहे. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या ‘प्रोटॉन’मुळे विंडोजचे अनेक खेळ त्यावर चालतात; फसवणूकरोधक प्रणाली असलेले काही ऑनलाइन खेळ मात्र चालत नाहीत.