भिंतींतील एका भोंकाचा इतिहास

खिडकीला पडदा लावणें हा इतिहासाचा विषय होऊं शकेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु नव्या पद्धतीच्या घरांत ज्या गृहस्थानें खिडकीच्या डोक्यावर स्वतःच्या हातानें भोंक पाडून पाहिलें असेल, त्याला या विषयाचें महत्त्व पटवून द्यावें लागणार नाहीं. गिलाव्याचा थर सहज फुटतो. पुढें अर्ध्या बोटावर गिरमिटाचें पातें नुसतें फिरत राहतें, तापून काळें पडतें, आणि भोंक होतें तेवढेंच राहतें. तीच भिंत दोन हात बाजूला मात्र निमूटपणें छिद्र पाडूं देते.

याचें कारण घराच्या बांधणींत आहे. खिडकीवरील भिंतीचा भार तोलण्यासाठीं जी आडवी तुळई घालतात, ती आमच्या जुन्या वाड्यांतून बहुधा सागवानी असे. चिकाचा किंवा वाळ्याचा पडदा टांगावयाचा झाला, तर तिच्यांत दोन खिळे मारले कीं काम भागे. फ्रेंच बांधकामतज्ज्ञ हेनबीक यानें १८९२ मध्यें लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या बांधणीचें पेटंट घेतलें, आणि पुढील चाळीस-पन्नास वर्षांत ही पद्धति दूरवर पसरली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील इमारती १९३० नंतर याच पद्धतीनें उठल्या. लाकडाची तुळई जाऊन तिच्या जागीं काँक्रीटची आली. आणि आमच्या प्रांतांत त्या काँक्रीटमधील खडी म्हणजे बहुधा सह्याद्रीचा काळा दगड! पडद्याची जागा नेमकी तिच्यावर.

दगडांत लाकूड बसविण्याची विद्या आपल्याकडे नवी आहे असें नाहीं. भाजें व कार्लें येथील चैत्यगृहांत खडकाच्या छताला बसविलेल्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षें टिकून आहेत. पण तेथें कारागिरापुढें सबंध डोंगर पडलेला होता. खांच चार बोटें मोठी झाली तरी जाब विचारणारा कोणी नव्हता. घराच्या भिंतीचें तसें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडांतील कारागीर विटांच्या सांध्यांतील चुना छिन्नीनें कोरून त्यांत लाकडाची पाचर ठोकीत, व त्या पाचरेंत स्क्रू पिळीत. आपल्याकडे विजेच्या तारा ओढणारे जी लाकडी गुट्टी बसवीत, ती याच कुळांतील. तिचे दोष दोन. भगदाड मोठें पडतें. आणि लाकूड सुकून आकसलें कीं गुट्टी सैल होते.

हा दोष असह्य झाला तो ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींपुढें. तेथें विजेचीं उपकरणें बसवावयाचीं होतीं, परंतु भिंतींना शक्य तितकी कमी इजा व्हावयास हवी होती. हें काम ज्याच्याकडे आलें, त्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदारानें १९११ च्या सुमारास एक अगदीं साधी युक्ति काढली. तागाचे धागे सरसानें चिकटवून त्यानें लहानशी नळी केली. पेन्सिलीएवढ्या भोंकांत ती सारावयाची आणि तिच्यांत स्क्रू पिळावयाचा. स्क्रू आंत जातो तसतसे धागे चोहोंकडे दाबले जाऊन भोंकाच्या कडांना घट्ट धरतात. लाकडाच्या जाडीवर भिस्त न ठेवतां घर्षणाला कामाला लावलें, हें या शोधाचें मर्म. त्या काळीं जगांतील ताग बहुतेक बंगालचा. तेव्हां या शोधांत आपलाहि धागा आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

राहिला प्रश्न भोंकाचा. रॉलिंग्जच्या काळीं कंगोरेदार पोलादी टोकावर हातोडा मारीत, आणि प्रत्येक घावानंतर तें थोडें फिरवीत. आमचे पाथरवट सुरुंगासाठीं पहारीनें भोंक घेत तें असेंच. पोलादाच्या पात्यानें घासून कठीण दगड हटत नाहीं. पण तो ठिसूळ असतो, आणि म्हणून घावानें त्याचे कण सुटतात. बॉश कंपनीनें १९३२ मध्यें विजेचा हातोडा काढला, तेव्हां पाथरवटाचा घाव यंत्राच्या हातीं आला. दगडाला पुरून उरेल असें पातें त्याआधींच जर्मनींत सिद्ध झालें होतें. ओसराम या दिव्यांच्या कंपनींतील कार्ल श्रोटर यानें १९२३ च्या सुमारास टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टबरोबर भाजून एक अतिशय कठीण पदार्थ तयार केला. त्याला हवें होतें काय? तर दिव्यांतील टंगस्टनची तार ओढण्यासाठीं लागणाऱ्या महाग हिऱ्यांना पर्याय! क्रुप कंपनीनें तो ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’, या नांवानें बाजारांत आणला.

मला या सर्व हकीकतींत मौज वाटते ती ही. स्क्रू धरणारी नळी काय, किंवा दगड फोडणारें पातें काय, दोन्हीं विजेच्या दिव्यापायीं जन्मास आलीं. आणि खिडकीपाशीं आपण त्यांना राबवितों तें उजेड अडविण्यासाठीं. तागाची जागा १९५८ मध्यें आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाच्या नायलॉनच्या गुट्टीनें घेतली. त्याचा आधीचा गाजलेला शोधहि छायाचित्रकाराच्या दिव्याविषयींच होता!

इतकें होऊनहि काँक्रीटमधील सळई आडवी आली तर विडियाचें पातें बोथट होतें, आणि सळई तोडूं नये हें तर उघडच आहे. अशा वेळीं जाणता सुतार भोंकांचा हट्ट सोडतो. जेथें भोंकें निघतील तेथें तीं घेऊन तो एक लांब लाकडी पट्टी खिडकीवर पक्की करतो, आणि पडद्याच्या कड्या त्या पट्टींत हव्या तेथें बसवितो. काँक्रीटच्या तुळईवर अशा रीतीनें पुन्हां लाकूड येतें.