महानगरांतील स्त्रिया आणि स्तनाचा कर्करोग : बदलत्या आकड्यांचा अर्थ

भारतातील बहुतेक मोठ्या शहरांत स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये आज पहिला क्रमांक स्तनाच्या कर्करोगाचा लागतो. १९८०च्या दशकात चेन्नई, बंगळुरूसारख्या शहरांत हे स्थान गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे होते. तेव्हापासून एकाचा आलेख उतरत गेला, तर दुसऱ्याचा चढत गेला. या चढत्या आलेखाविषयी बोलताना बहुधा दोन टोकाच्या प्रतिक्रिया ऐकू येतात. 'साथ आली आहे' असे काही जण म्हणतात, तर 'पूर्वीही असायचा, आता तपासण्या वाढल्या म्हणून कळतो' असे काहींचे म्हणणे असते. नोंदी नीट वाचल्या, तर या दोन्ही समजुती अपुऱ्या असल्याचे लक्षात येते.

नोंदी कोण ठेवते?

एखाद्या शहरात रोग वाढतो आहे की नाही, हे एका रुग्णालयातील गर्दीवरून ठरत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. ती संख्या मुंबईची नव्हे. त्यासाठी ठरावीक लोकसंख्येतील प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद ठेवणारी यंत्रणा लागते. अशी भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईतच सुरू झाली. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांच्या पुढाकाराने १९५१मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३मध्ये हे काम हाती घेतले. नोंदणीचे कर्मचारी शहरातील रुग्णालये आणि रोगनिदान प्रयोगशाळांत जाऊन माहिती गोळा करतात, महापालिकेच्या मृत्युनोंदी तपासतात आणि एकाच रुग्णाची नोंद दोनदा होणार नाही याची काळजी घेतात. शहरात किमान एक वर्ष वास्तव्य असलेल्या व्यक्तीलाच तेथील रहिवासी मानले जाते. त्यामुळे केवळ उपचारांसाठी आलेल्यांची भर त्या आकड्यांत पडत नाही.

पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला आणि मुंबईबरोबरच बंगळुरू व चेन्नई येथील आकडेवारी १९८२पासून एका पद्धतीने मिळू लागली. ग्रामीण भागाचे चित्र कळावे म्हणून १९८७मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. शहर आणि खेडे यांची तुलना करण्याचा विश्वसनीय आधार महाराष्ट्राला त्यामुळे मिळाला.

वाढ किती?

लोकसंख्या वाढली की रुग्णही वाढतात, आणि लोकांचे आयुर्मान वाढले तरी रुग्ण वाढतात, कारण हा रोग वयाबरोबर अधिक आढळतो. म्हणून तुलना करताना 'वय-समायोजित दर' वापरतात. सर्व ठिकाणच्या लोकसंख्येची वयोरचना सारखी आहे असे मानून एक लाख स्त्रियांमागे वर्षाला किती नवे रुग्ण आढळतील, हे त्यातून कळते.

मुंबईतील १९७६ ते २००५ या तीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार स्तनाच्या कर्करोगाचा वय-समायोजित दर वर्षाला सरासरी १.१ टक्क्याने वाढत होता, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा दर १.८ टक्क्यांनी घटत होता. वर्षागणिक हा फरक किरकोळ वाटतो. परंतु चक्रवाढीने हिशेब केला, तर तीस वर्षांत एक दर एक तृतीयांशाहून अधिक वाढतो आणि दुसरा सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे ही वाढ साथीसारखी अचानक उसळलेली नाही. ती संथ आहे, पण सातत्याची आहे, आणि वयोमानाचा हिशेब वजा केल्यावरही उरते. ती केवळ तपासण्यांमुळे दिसते असेही म्हणता येत नाही, कारण पाश्चात्त्य देशांप्रमाणे सरसकट मॅमोग्राफी आपल्याकडे कधी झालीच नाही.

२०१२ ते २०१६ या काळातील नोंदींनुसार एक लाख स्त्रियांमागे वय-समायोजित दर हैदराबादमध्ये ४८, चेन्नईत ४२.२, तर बंगळुरूत ४०.५ होता. मुंबई आणि पुणे येथील दर याहून काहीसे कमी होते. बार्शीच्या ग्रामीण भागातील दर मात्र मुंबईच्या निम्म्याहूनही कमी राहिला आहे. दुसरीकडे अमेरिका, ब्रिटन यांसारख्या देशांत हा दर नव्वदच्या पुढे आहे. आपली महानगरे खेडी आणि पश्चिम यांच्या मधोमध कोठेतरी उभी आहेत.

याच नोंदींवरून 'एकोणतीस स्त्रियांपैकी एकीला' असा हिशेब मांडला जातो. एकोणतीस जणींच्या भिशीतील एक जण आज आजारी आहे, असा त्याचा अर्थ नाही. सध्याचे दर कायम राहिले, तर वयाच्या चौऱ्याहत्तर वर्षांपर्यंत सरासरी एकोणतीस स्त्रियांपैकी एकीला हा रोग होण्याची शक्यता आहे, एवढेच त्यातून सूचित होते.

शहरातच का?

स्तनातील पेशींची वाढ इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांच्या प्रभावाखाली होते. पाळी लवकर सुरू होणे, पहिले मूल उशिरा होणे, मुले कमी असणे किंवा नसणे, स्तनपानाचा काळ आखूड असणे, पाळी उशिरा थांबणे या सर्व गोष्टींमुळे या प्रभावाचा एकूण कालावधी वाढतो. तीस देशांतील ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००२मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे सात टक्क्यांनी आणि स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

मुंबईत याची चाहूल फार पूर्वीच लागली होती. पारशी समाजातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शहरातील इतर समाजांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक असल्याचे जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिले होते. उशिरा लग्न आणि मोजकी मुले ही त्या समाजाची जीवनरीती पुढे शहरातील इतर मध्यमवर्गीय घरांचीही झाली.

याला वजनाची जोड आहे. पाळी थांबल्यानंतर शरीरातील चरबी हाच इस्ट्रोजेनचा मोठा स्रोत ठरतो. टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांच्या अभ्यासात कमरेभोवतीच्या चरबीचा या रोगाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. बैठे काम, व्यायामाचा अभाव आणि मद्यपान यांचाही वाटा असतो. आनुवंशिक दोषामुळे होणारा कर्करोग मात्र एकूण रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा टक्केच असतो. 'आमच्या घराण्यात कोणाला नाही' हा दिलासा त्यामुळे फारसा उपयोगाचा नाही. डिओडोरंट वा घट्ट अंतर्वस्त्रे यांमुळे हा रोग होतो, या समजुतीला तर शास्त्रीय पुरावाच नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही कारणे वाचून शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, उशिरा आई झालेल्या स्त्रीकडे बोट दाखवले जाते. परंतु ज्या बदलांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा दर वाढला, त्याच बदलांमुळे म्हणजे उशिराचे लग्न, कमी बाळंतपणे आणि सुधारलेली स्वच्छता यांमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग घटला. मातामृत्यू आणि बालमृत्यू घटण्यासही त्यांचा हातभार लागला. काळाचे काटे मागे फिरवणे हा या प्रश्नावरचा उपाय नव्हे. नोकरदार आईला पुरेशी प्रसूती रजा आणि कामाच्या ठिकाणी स्तनपानाची सोय मिळणे, हा उपाय मात्र शहराच्या हाती आहे.

'तरुण वयात होतो' म्हणजे काय?

भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी होतो, असे वारंवार लिहिले जाते. रुग्णांचे सरासरी वय आपल्याकडे कमी आहे, हे खरे. पण आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्याचे एक मोठे कारण होय. चाळिशीच्या आतील स्त्रियांचा स्वतंत्र दर पाहिला, तर तो पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक असल्याचे दिसत नाही. वय वाढेल तसा धोका येथेही वाढतो. या गैरसमजाचा तोटा असा, की साठी ओलांडलेली आजी 'आता मला काय होणार' म्हणून गाठीकडे दुर्लक्ष करते.

खरी चिंता उशिराची

जागतिक अंदाजांनुसार २०२२मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. म्हणजे दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू. अमेरिकेत हेच प्रमाण सुमारे सहास एक असे आहे. तेथे दर आपल्या कितीतरी पट असूनही मृत्यूचे प्रमाण कमी का, याचे उत्तर बव्हंशी निदानाच्या वेळेत आणि उपचारांच्या सातत्यात आहे.

भारतातील अकरा नोंदणी केंद्रांच्या आधारे २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे नेमके दाखवले. रोग स्तनापुरता मर्यादित असताना निदान झालेल्या स्त्रियांपैकी ८१ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या. तो काखेतील गाठींपर्यंत पोहोचल्यावर हे प्रमाण ६५.५ टक्क्यांवर आले, आणि दूरच्या अवयवांत पसरल्यावर १८.३ टक्क्यांवर.

वेळेवर निदानासाठी महागडी यंत्रेच हवीत असे नाही, हे मुंबईच्याच वस्त्यांनी सिद्ध केले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. त्यांतील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, केवळ हातांनी स्तनांची तपासणी केली. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या वस्त्यांत रोग आधीच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

तीस वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी करण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१६मध्ये आखले. प्रत्यक्षात २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील केवळ ०.९ टक्का स्त्रियांनी आपली स्तनतपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले. धोरण आणि दवाखाना यांतील हे अंतर शहरांनाही लाजवणारे आहे.

काय लक्षात ठेवावे?

स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणे, आकारात नव्याने फरक पडणे यांपैकी काहीही आढळल्यास काही दिवसांत डॉक्टरांना दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, परंतु ते ठरवण्याचे काम तपासणीचे आहे. सुई टोचून नमुना घेतल्याने रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे.

शहरी स्त्रीचे आयुष्य बदलले, तसा तिच्या आजारांचा क्रमही बदलला. या रोगाचा दर येत्या काही वर्षांत लगेच खाली येईल असे नाही. मृत्यूचा दर मात्र खाली आणता येतो, आणि घरातील सर्वांचे दुखणे-खुपणे पाहून झाल्यावर स्वतःकडे वळण्याची सवय असलेल्या स्त्रीने एकदा तो क्रम उलटा केला, तर त्याची सुरुवात तिच्या घरापासूनच होऊ शकते.