मार्क ट्वेनचे देणे

‘दिवाळी’ आणि ‘दिवाळे’ हे दोन शब्द कानाला इतके जवळचे, की लहानपणी मला त्यांतला फरकच कळत नसे. पूर्वी म्हणे, देणे फेडणे अशक्य झालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे. दिवा दिसला की घेणेकऱ्यांनी काय ते समजायचे!

आमच्या वडिलांवर असा प्रसंग आला होता. भागीदारीतले दुकान बुडाले आणि सात जणांचे देणे अंगावर आले. वडिलांनी दिवा लावला नाही. एका रविवारी त्यांनी सातही जणांना घरी बोलावले, आईने चहा केला, आणि आपल्या पगाराचा आकडा सर्वांपुढे ठेवून ते म्हणाले, “घरखर्चाला एवढे लागतात. उरतील ते ज्याच्या त्याच्या येण्याच्या मानाने वाटून घ्या. व्याज तेवढे सोडा, मुद्दल बुडवणार नाही.” ना वकील, ना मुद्रांकाचा कागद. निळ्या पुठ्ठ्याची एक वही तेवढी झाली. एक गृहस्थ चहा न घेताच उठून गेले, हेही मला आठवते.

पुढे वाचनाच्या नादात अशाच वहीचा आणखी एक धनी मला भेटला. तो मिसिसिपी नदीकाठी वाढलेला. पण देणे फेडण्यासाठी पैसे मिळवायला तो थेट आपल्या मुंबईत येऊन गेला होता!

सॅम्युएल क्लेमेन्स, म्हणजे सगळे जग ज्याला मार्क ट्वेन म्हणून ओळखते, तो लेखक म्हणून जितका थोर, तितकाच व्यवहारात भोळा. १८८४ साली त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. आरंभ तर असा झाला, की कोणालाही हेवा वाटावा. माजी राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँट त्याच वर्षी एका भामट्या भागीदारापायी कफल्लक झाले होते, आणि त्यांच्या घशाला कर्करोगाने ग्रासले होते. बायकामुलांची सोय व्हावी म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. जुलै १८८५मध्ये लिखाण संपले आणि थोड्याच दिवसांत ग्रँटही गेले. ट्वेनच्या संस्थेने तो ग्रंथ छापला आणि १८८६ साली त्यांच्या पत्नीच्या हाती दोन लाख डॉलरचा धनादेश ठेवला. दुसऱ्याचे दिवाळे असे सावरणारा हा माणूस आठ वर्षांनी स्वतः बुडाला.

त्याला बुडवले एका यंत्राने. छापखान्यातले खिळे आपोआप जुळवणारे ते यंत्र, त्याचे सुटे भाग सुमारे अठरा हजार! ते चाले तेव्हा अजब चाले, पण बहुधा बिघडलेलेच असे. ट्वेनने त्यात सुमारे दोन लाख डॉलर ओतले. तोवर लायनोटाइप यंत्राने बाजार काबीज केला होता. त्यात १८९३ची आर्थिक मंदी आली, बँकेने कर्ज परत मागितले आणि १८ एप्रिल १८९४ रोजी प्रकाशनसंस्था कोसळली. देणे सुमारे एक लाख डॉलर, घेणेकरी शंभराच्या आसपास.

या वेळी हेन्री रॉजर्स हा स्टँडर्ड ऑइल कंपनीतला बडा धनिक त्याच्या मदतीला आला. घेणेकऱ्यांशी बोलणी त्यानेच केली. सर्व पुस्तकांचे हक्क त्याने ट्वेनची पत्नी ऑलिव्हिया हिच्या नावे करून घेतले, कारण तिच्या माहेरचा पैसाही धंद्यात अडकला होता आणि तीही एक घेणेकरीणच होती. ही गोष्ट सर्वांना रुचली नाही. मला विचाराल तर त्यात चलाखी होतीच. पण गाय विकून टाकली असती, तर पुढे दूध कोणाला मिळणार होते?

निम्म्या रकमेवर तोडजोड करायला बहुतेक घेणेकरी तयार होते. ऑलिव्हिया मात्र हटून बसली, डॉलरमागे शंभर सेंट द्यायचे, एकही कमी नाही. ट्वेननेही ऑगस्ट १८९५मध्ये वर्तमानपत्रांतून जाहीर केले, की कायद्याने सुटका होत असली तरी अब्रूचा तगादा कायद्याहून कडक असतो आणि मी पै न् पै चुकती करीन. त्याला चार वर्षे लागतील, असा त्याचा अंदाज होता. वय एकोणसाठ, प्रकृती नरम. पत्नी आणि मधली मुलगी क्लारा यांना घेऊन तो व्याख्यानांच्या जगप्रवासाला निघाला. सूझी आणि जीन या दोघी मुली मागे अमेरिकेत राहिल्या.

हवाई बेटांवर पटकीची साथ असल्याने बोटीवरून उतरताच आले नाही. तिथले व्याख्यान गेले, म्हणजे एक हप्ताच गेला म्हणायचा! ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन करीत जानेवारी १८९६मध्ये तो मुंबईस आला आणि वॉटसन हॉटेलात उतरला. खोकल्याने त्याला बरेच दिवस खोलीतच डांबून ठेवले. मग सज्जावरच्या कावळ्यांशी त्याची ओळख झाली, आणि त्या आगाऊ पक्ष्यांवर त्याने जी पाने लिहिली आहेत ती मुंबईकराने जरूर वाचावीत. नॉव्हेल्टी नाटकगृहात त्याची व्याख्याने झाली. पुढे तो पुण्याला आणि बडोद्यालाही गेला. या हॉटेलापासून काही पावलांवरच राजाबाई टॉवर आहे. त्यासाठी देणगी देणारे प्रेमचंद रायचंद अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचे भाव पडले तेव्हा, १८६५च्या सुमारास, असेच धुळीस मिळाले होते. श्रोते हसत होते, तिकिटे खपत होती, आणि खर्च वजा जाता उरलेला पैसा न्यूयॉर्कला रॉजर्सकडे जात होता.

जुलै १८९६मध्ये दक्षिण आफ्रिकेत दौरा संपला. इंग्लंडमध्ये सारे कुटुंब एकत्र यायचे ठरले होते. तेवढ्यात सूझी आजारी असल्याची बातमी आली. पत्नी आणि क्लारा बोटीत असतानाच, १८ ऑगस्ट रोजी, मेंदूज्वराने ती गेली. वय चोवीस वर्षे. ट्वेन इंग्लंडमध्ये एकटा होता. तार त्याच्या हाती पडली.

त्या हिवाळ्यात लंडनमध्ये, कोणाला न भेटता, त्याने प्रवासवर्णन लिहायला घेतले. विनोदी पुस्तक! देण्यासाठी ते लिहिणे भाग होते. १८९७मध्ये एका वर्तमानपत्राने त्याच्यासाठी वर्गणी सुरू केली. त्याचे मन क्षणभर डळमळलेही, पण घरच्यांनी ती घेऊ दिली नाही.

जानेवारी १८९८मध्ये, चार वर्षांच्या आतच, शेवटच्या घेणेकऱ्याचा पैसा चुकता झाला. तेव्हा ट्वेन कुटुंब व्हिएन्नात होते.

आमच्या घरच्या निळ्या वहीत शेवटची रक्कम चहा न घेता गेलेल्या गृहस्थांच्या नावे आहे. पाडव्याच्या दिवशी वडील स्वतः ती पोहोचवायला गेले आणि बऱ्याच उशिरा परतले. “इतका वेळ?” असे आईने विचारले, तेव्हा म्हणाले, “त्यांनी फराळाला बसवून घेतले.”