माध्यम-सर्व्हर : दोन कुळं, चार नावं

शाळेतल्या एका संगणकात तीनशे व्हिडिओ आहेत. ते वर्गातल्या टीव्हीवर, प्रयोगशाळेतल्या लॅपटॉपवर आणि दहा-वीस फोनवर एकाच वेळी, तेही इंटरनेटशिवाय दिसावेत असं वाटलं, तर काय करावं लागेल? प्रत्येक यंत्राला पेनड्राइव्ह लावत फिरणं हा एक मार्ग, आणि पुष्कळ शाळांत तोच चालतो. दुसरा मार्ग असा, की त्या संगणकावर माध्यम-सर्व्हर नावाचा प्रोग्राम बसवायचा आणि एका साध्या वाय-फाय राउटरवरून बाकीची यंत्रं त्याला जोडायची. हे प्रोग्राम मुळात घरच्या सिनेमा-गाण्यांसाठी तयार झाले. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावसारख्या तालुक्यात, जिथे एखाद्या कोलामपोडावर फोनला रेंज मिळेलच याची खात्री नसते, तिथे त्यांची गरज शहरातल्या दिवाणखान्यापेक्षा जास्त आहे. २०१७मध्ये दीक्षा हे व्यासपीठ सुरू झालं आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. कोड पुस्तकात असतो. पाठ मात्र दूरच्या सर्व्हरवर असतो.

कोडी, प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन ही आज प्रामुख्याने पुढे येणारी चार नावं. यांतलं कोणतं घ्यावं हे गुणांचा तक्ता मांडून ठरवता येईल. पण तक्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. त्यांची कुळकथा अधिक उपयोगी पडते.

त्याआधी थोडं मागे जाऊ. सोनीने १९७५मध्ये बीटामॅक्स आणली, जेव्हीसीने १९७६मध्ये व्हीएचएस. पुढची लढाई कोण जिंकलं हे सर्वांना माहीत आहे. नंतरचं मात्र कमी सांगितलं जातं. सोनीने बीटामॅक्सच्या कोऱ्या कॅसेट विकणं २०१६मध्ये थांबवलं आणि त्याच वर्षी व्हीएचएस यंत्राचं उत्पादनही संपलं. म्हणजे हरलेला आणि जिंकलेला एकाच वर्षी पडद्याआड गेले, आणि दोघांच्याही टेपवर जे होतं ते चालणाऱ्या जुन्या यंत्रांच्या भरवशावर राहिलं. आपल्याकडे पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी ही संस्था शैक्षणिक कार्यक्रम तयार करण्यासाठी स्थापन झाली आणि २०१७ साली बंद झाली. तिचे कार्यक्रम पाहिलेले अनेक जण आज स्वतः शिक्षक असतील. टेपवरचा कार्यक्रम वाचवायचा तर तो वेळेत अंकीय स्वरूपात उतरवावा लागतो, आणि उतरवल्यावर प्रश्न येतोच : ठेवायचा कुठे, आणि कोणत्या प्रोग्रामच्या हवाली करायचा?

पहिलं कूळ सुरू होतं ते एका खेळण्यापासून. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००१मध्ये एक्सबॉक्स हे व्हिडिओ गेमचं यंत्र बाजारात आणलं. त्यात ७३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम-३ जातीचा प्रोसेसर आणि ६४ एमबी स्मृती होती. म्हणजे टीव्हीला जोडलेला, बऱ्यापैकी स्वस्त असा तो संगणकच होता. फक्त कुलूपबंद. मायक्रोसॉफ्टची सही नसलेला प्रोग्राम त्यावर चालत नसे. हौशी प्रोग्रामरांनी हे कुलूप उघडलं आणि २००२मध्ये चित्रफिती दाखवणारा एक प्रोग्राम लिहिला. त्याचंच पुढचं रूप म्हणजे एक्सबॉक्स मीडिया सेंटर, थोडक्यात एक्सबीएमसी. त्याची पहिली आवृत्ती जून २००४मध्ये आली. गंमत अशी, की लेखक फक्त मूळ कोड वाटू शकत होते. तो चालवण्याजोगा करायला मायक्रोसॉफ्टची हत्यारं लागत, आणि तसा तयार प्रोग्राम वाटायची त्यांना परवानगी नव्हती. कोड मात्र जीपीएल या परवान्याखाली सर्वांसाठी खुला होता. पुढे तो साध्या संगणकांवर चालू लागला, एक्सबॉक्स मागे पडला, आणि २०१४मध्ये त्याचं नाव बदलून कोडी झालं.

कोडीची एक मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. तो मुळात प्रेक्षकाच्या बाजूचा प्रोग्राम आहे. टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर तो उत्तम चालतो, पण एका साठ्यावरून वीस फोनना वाढणं हे त्याचं मुख्य काम नाही.

ही उणीव दुसऱ्या फांदीने भरून काढली. २००७च्या अखेरीस एलान फाइनगोल्ड यांनी एक्सबीएमसी मॅक संगणकावर आणण्याचं काम हाती घेतलं. मूळ गटाशी वाट वेगळी झाली आणि २००८मध्ये या फांदीला प्लेक्स हे नाव मिळालं. प्लेक्सने घराचे दोन भाग केले : एका यंत्रावर साठा आणि सर्व्हर, बाकी सगळीकडे हलका दर्शक. कोठीघर एक, ताटं अनेक.

या सर्व्हरचं सर्वांत जड काम समजून घेण्यासारखं आहे. व्हिडिओ दाबून लहान करायच्या अनेक पद्धती आहेत. २००३ची एच.२६४ जवळजवळ प्रत्येक यंत्राला कळते; २०१३ची एचईव्हीसी जुन्या टीव्हींना कळत नाही. अशा वेळी सर्व्हर प्रत्येक चित्रचौकट उलगडतो आणि दुसऱ्या पद्धतीने पुन्हा घडी घालतो. सेकंदाला पंचवीस-तीस चौकटी, आणि तेही प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळं. शाळेतला दहा वर्षांचा संगणक एक-दोन प्रेक्षकांतच धापा टाकू लागतो. माझं मत असं, की हा भार त्याच्यावर टाकूच नये. सुट्टीत बसून सगळे व्हिडिओ एकदाच एच.२६४मध्ये बदलून ठेवावेत. मग सर्व्हरला फक्त बाइट पुढे सरकवायचे उरतात. सेकंदाला १० लाख बिट या वेगाचा एक तासाचा पाठ सुमारे ४५० एमबी जागा घेतो. चाळीस मुलं एकदम पाहू लागली, तर राउटरमधून सेकंदाला ४ कोटी बिट जायला हवेत. मुलांना हे गणित वर्गात करायला द्यावं, आणि मग राउटरच्या खोक्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहायला सांगावं. खोक्यावरचा वेग आदर्श परिस्थितीतला असतो, हेही त्यांना तिथेच कळेल.

प्लेक्सची २००९मध्ये कंपनी झाली. सर्व्हरचा कोड तिने खुला ठेवला नाही. वापरायला सुरुवात करताना कंपनीच्या संकेतस्थळावर खातं काढावं लागतं, म्हणजे साठा आपल्या घरात आणि हजेरीपट दुसऱ्याच्या. ऑगस्ट २०२२मध्ये कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि वापरणाऱ्यांचे ईमेल पत्ते व सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर गेले. २०२५मध्ये आजीवन वर्गणी सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलरवर गेली आणि घराबाहेरून आपलाच साठा पाहण्यासाठीही पैसे द्यावे लागू लागले. कंपनीला पगार द्यायचे असतात, यात गैर काही नाही. शिवाय वापरायला प्लेक्स सोपा आहे, आणि पुण्यातला साठा परदेशातल्या मुलीला दाखवायचा असेल तर त्यात फारशी खटपट नाही.

दुसरं कूळ निराळं. विंडोज मीडिया सेंटरला जोड म्हणून मीडिया ब्राउझर नावाचा प्रोग्राम लिहिला गेला. पुढे तो स्वतंत्र सर्व्हर झाला आणि २०१५मध्ये त्याने एम्बी हे नाव घेतलं. त्याचाही कोड जीपीएलखाली खुला होता, बाहेरचे प्रोग्रामरही त्यात हातभार लावत होते. डिसेंबर २०१८मध्ये एम्बीने पुढची आवृत्ती बंद कोडात काढायचं ठरवलं. नाराजी झाली, आणि इथे जीपीएलची ताकद दिसते. या परवान्याने एकदा दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. पुढची पाककृती गुप्त ठेवता येईल, पण वाटून झालेली पाककृती लोकांच्या वहीत राहणारच. काही जणांनी एम्बीची ३.५.२ ही शेवटची खुली आवृत्ती उचलली आणि त्याच महिन्यात जेलीफिन सुरू केलं. त्याला मध्यवर्ती खातं नाही, वर्गणी नाही. काम स्वयंसेवक करतात. त्याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते : काही टीव्हींवरची त्याची ॲप कच्ची आहेत, आणि घराबाहेरून जोडणी हवी असेल तर ती आपणच बसवायची.

मारेगावच्या शाळेपुरतं बोलायचं तर एकच टीव्ही असेल तेव्हा सर्व्हरचा खटाटोप नको, कोडी पुरे. पडदे अनेक आणि इंटरनेट बेभरवशाचं असेल तर मी जेलीफिन घेईन, कारण तार तुटलेल्या दिवशीही त्याला कुणाला विचारावं लागत नाही. एम्बीही असा चालतो, पण त्याच्या काही सोयी वर्गणीमागे आहेत. पाठांसोबत प्रश्नसंच आणि मुलांच्या प्रगतीची नोंदही हवी असेल तर हे चौघेही कामाचे नाहीत. त्यासाठी २०१७मध्ये आलेला कोलिब्री पाहावा. मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचायचा असेल तर किविक्स पाहावा.

एक शेवटची अडचण शिक्षकांना नक्की येईल. समजा, मुलांनी पोडावरच्या आजीकडून कोलामी भाषेतली एक गोष्ट फोनवर चित्रित करून आणली. सर्व्हरमध्ये टाकताच तो नावावरून जगभरच्या सिनेमांच्या सूचीत शोध घेतो आणि आजीच्या गोष्टीला कुठल्या तरी परदेशी चित्रपटाचं पोस्टर चिकटवतो. म्हणून अशा फितींचा विभाग ‘घरगुती व्हिडिओ’ या प्रकारात वेगळा करावा आणि प्रत्येक फितीशेजारी एनएफओ नावाची छोटी मजकूर-फाइल ठेवावी : कुणी सांगितली, कुठे, कधी, भाषा कोणती. ही रीत एक्सबीएमसीने रुजवली. एम्बी आणि जेलीफिनही ती फाइल वाचतात, त्यामुळे उद्या प्रोग्राम बदलला तरी माहिती फितीसोबत जाते. प्लेक्सने अनेक वर्षं असे तपशील स्वतःच्याच डेटाबेसमध्ये ठेवले. फाइल साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते, पण युनिकोडमध्येच. शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टची सवय असलेल्या हातांनी तिथे टंकलं, तर पडद्यावर आजीच्या नावाऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते.